झाड मस्त आहे, बाबा

आमच्या घरात सफरचंद आलं की समजायचं, कोणीतरी आजारी आहे. आंबे गावाहून यायचे, केळी देवासाठी यायची, पेरू आणि बोरं तर रस्त्यातच खाऊन संपायची. सफरचंद मात्र पिशवीत घालून कोणीतरी कोणाला तरी बघायला जायचं. त्यामुळे ते फळ मला कधी आवडलंच नाही. अजूनही फळवाल्याच्या गाडीजवळून जाताना मला फिनेलचा वास येतो. नसतो तिथे, पण मला येतो.

बाबांना पहिल्यांदा हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा अशा सहा-सात पिशव्या जमल्या. स्टेंट टाकून घरी आल्यावर आई रोज सकाळी एक सफरचंद कापायची आणि नाक मुरडून बाबा ते खायचे. सिंधुदुर्गातला माणूस तो. आंब्याशिवाय दुसऱ्या कशाला फळ म्हणायची त्यांची तयारी नव्हती. जन्मभर आधी गिरणीच्या साचाखात्यात मागावर आणि गिरणी बंद पडल्यावर एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून काढलेला माणूस, आता दिवसभर घाटकोपरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून करणार काय? एका सकाळी आई ताटलीतल्या बिया कचऱ्यात टाकायला निघाली, तर म्हणाले, "टाकू नको गे ती. लावतलंय."

आई परळची. लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी बाबांची मालवणी तिने कधी उचलली नाही. ती म्हणाली, "मुंबईत सफरचंद? डोक्यात पण स्टेंट टाकून घ्या एक."

पण त्यांनी ते मनावर घेतलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. बी रुजायला आधी थंडी लागते, दोन-तीन महिने ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचं, असं कोणीतरी सांगितलेलं. त्यांनी आपला रुमाल भिजवला, त्यात सात बिया गुंडाळल्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आणि वर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं, 'उघडू नये'. कंपनीच्या गेटवर विजेच्या पेटीवर लिहिलेलं असायचं तसं. आईने दुसऱ्याच आठवड्यात श्रीखंड समजून तो डबा उघडला. "शी! फ्रिजमध्ये रुमाल? तुमचा? नाक पुसलेला?" तिचा आवाज खाली रिक्षा स्टँडपर्यंत गेला असेल. बाबा शांतपणे म्हणाले, "वाचूक येता मां तुका? उघडू नये म्हणान लिवलेला आसा."

सातातल्या चार बियांना पांढरं मूळ फुटलं. दोन मातीतून वर आल्या. एक राहिली. ती दिवाणाजवळच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, तुळस आणि कोरफडीच्या मधल्या जागेत वाढायला लागली.

मी बाबांना म्हटलं होतं, "बियांपासून लावलेल्याला तशी फळं येत नाहीत म्हणे. आली तरी आठ-दहा वर्षांनी, तीही थंड हवेत."

"कलम न्हय मां तां. रायवळ तां. आंबट येतलां," ते म्हणाले. "येवंदे."

एवढंच. आठ-दहा वर्षांचा हिशेब त्यांच्या वयाशी मी मनात लावला आणि गप्प बसले. त्यांनीही लावला असणारच.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी जे काय सुरू केलं ते ऐकून माझ्या लॅबमधल्या पोरी हसून लोळल्या होत्या. झाडाला थंडी मिळायला हवी म्हणून हा माणूस रोज संध्याकाळी फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे काढायचा आणि कुंडीत, खोडापासून चार बोटं लांब, गोलाकार बर्फाचे खडे मांडायचा. अगदी देवासमोर मांडतात तसे. वर बसून राहायचा, वितळेपर्यंत. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडायच्या, कपड्यांवर पाणी टपकतं म्हणून. आई म्हणायची, "घरात सरबताला बर्फ नाही, आणि ह्यांचं काश्मीर बघा!" पण ट्रे तीच पुन्हा भरून ठेवायची. ते मी बघितलेलं आहे.

आणि झाड वाढलं, बरं का. दीड वर्षात माझ्या कमरेला लागलं. कातरलेल्या कडांची, मागून जराशी लवदार पानं. बाबांची पाणी घालायची पद्धत एकच. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. "माती विचारूची लागता," म्हणायचे.

मे महिन्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. माझा धाकटा भाऊ कांदिवलीला राहतो. त्याच्या घराजवळच्या हॉस्पिटलात बेड मिळाला. आई त्याच्याकडे राहायला गेली आणि घाटकोपरच्या घरात मी एकटी उरले. लग्न मी केलेलं नाही, का ते इथे सांगत बसत नाही. मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, सकाळी सात ते तीन. तिथून मेट्रो बदलून कांदिवली, आणि जेवायच्या वेळेला परत घर.

निघताना बाबा एकच गोष्ट बोलले होते. "पाणी घाल गे. बोट घालून बघ."

पहिले चार दिवस मी घातलं. मग विसरले.

बस. विसरले. मला कारणं सांगता येतील. उन्हाळा होता, लॅबमध्ये दोन मुली रजेवर होत्या, घरी आल्यावर पाठ टेकायचे ती सकाळीच उठायचे. पण कुंडी माझ्या दिवाणापासून हाताच्या अंतरावर होती आणि नळ चार पावलांवर. मी पाच दिवस त्या खिडकीखाली झोपले आणि एकदाही मान वर करून बघितलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी केस विंचरताना लक्ष गेलं. पानं सगळी जागच्या जागी होती, म्हणून आधी कळलंच नाही. हात लावला तर चुरा झाला. तुळसही झोपली होती, पण तुळस बिचारी पाणी दिल्यावर उठली. हे उठलं नाही. खोडाला नख लावून बघितलं. आत हिरवं नव्हतं.

त्या दुपारी बाबांनी मास्क जरा बाजूला करून विचारलं, "झाड कसां आसा गे?"

माझ्या नोकरीत एक गोष्ट शिकायला मिळते. रिपोर्ट आपण आधी बघितलेला असतो. आकडे वाईट असतात. आणि समोरचा विचारतो, "कसा आहे मॅडम रिपोर्ट?" तेव्हा डोळ्याला डोळा देऊन, पापणी न हलवता म्हणायचं, "डॉक्टरांना दाखवून घ्या, काही नसतं." वीस वर्षं मी हे करते आहे. झकास जमतं मला.

"मस्त आहे, बाबा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरां."

दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. मी म्हटलं, "मस्त आहे. नवीन पान फुटलंय." तिसऱ्या दिवशी मी मोबाईलवर फोटोच दाखवला, आजचा म्हणून, एप्रिलमध्ये काढलेला. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, जवळ नेला, लांब नेला, कितीतरी वेळ बघितला. मला वाटलं, किती आनंद झालाय. फोन परत देताना तसंच माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "बरां."

दोन दिवसांनी, दुपारी, ते गेले.

फोटो मी पुन्हा बघितला तो सगळं उरकून घरी आल्यावर. झाडाच्या मागे दोरीवर आईचं हिरवं पातळ वाळत होतं. ते पातळ नेसून आई हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसलेली होती, मी फोन दाखवला तेव्हाही. रात्रपाळीला गेटवर बसून तीस वर्षं माणसांची तोंडं वाचलेला माणूस तो. त्याला ते दिसलं असेल का? हा प्रश्न तेव्हा जो मानगुटीवर बसला तो आजतागायत उतरलेला नाही.

मेलेली कुंडी मी टेरेसवर नेऊन ठेवली, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. फेकवली नाही. आणि खरं सांगायचं तर आई घरी यायच्या आत मला ती नजरेआड करायची होती.

दहाव्याला आम्ही सगळे खाडीकाठच्या घाटावर गेलो. भावाने मुंडण केलेलं. पिंड ठेवला, आम्ही मागे सरलो. कावळे होते, भरपूर होते. बाजूच्या कुटुंबाच्या पिंडावर तर झुंबड उडाली. आमच्याकडे एकही फिरकेना. आमच्यात असं मानतात की गेलेल्या माणसाचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी मोठ्याने कबूल करायचं असतं, की तुमचं राहिलेलं आम्ही करू. भाऊ हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळे झाडावरच. "गावचं घर विकणार नाही." काही नाही. "बाबा, सिगरेट सोडतो!" एका कावळ्याने फक्त पंख झाडले. भटजी घड्याळात बघायला लागले.

तेव्हा आई मागून, प्लास्टिकच्या खुर्चीवरून ओरडली, "अगं, झाडाचं सांग ना! झाडात जीव होता त्यांचा!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन पावलं पुढे गेले. तेव्हा सांगता आलं असतं. मोठ्याने नाही, निदान ओठातल्या ओठात. पण तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं, त्याच आवाजात. "झाड मस्त आहे, बाबा. मी सांभाळीन."

कावळा सरळ उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

सगळे ढसाढसा रडले, सुटल्यासारखे. भावाने मला मिठी मारली. आई म्हणत होती, "बघ, बघ, तुझ्या शब्दासाठी थांबला होता माणूस." मला मात्र भर मे महिन्यात थंडी वाजत होती. जिवंतपणी फसवलं, ते एक वेळ चाललं. आता मेल्यावरही फसवलं, आणि तो विश्वास ठेवून गेला.

आई घरी आली. दार उघडून आत पाऊल टाकायच्या आधी विचारलं, "झाड कुठाय?"

"टेरेसवर. ग्रिलमध्ये ऊन लागत होतं त्याला, वर टाकीची सावली आहे."

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आईचे गुडघे असे की दुसऱ्या मजल्यावर येतानाच तीन वेळा बसते. टेरेस म्हणजे आणखी दोन मजले. ती वर जाणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्या हिशेबानेच मी ते उत्तर दिलं, हे इथे लिहायला मला आज लाज वाटते.

मग रोजचं सुरू झालं. संध्याकाळी आई तांदळाचं धुवण एका तांब्यात भरून ठेवायची. "जा, घालून ये. आणि लगेच पळत येऊ नकोस. दोन शब्द बोल त्याच्याशी." कधी निरोप असायचा. "म्हणावं, धाकट्याला बढती मिळाली." "म्हणावं, पेन्शनचं पत्र आलं." ती 'त्याला' म्हणायची, कधी 'त्यांना'. मी तांब्या घेऊन दोन मजले चढायचे, टेरेसचं कुलूप काढायचे आणि वाळक्या काठीला पाणी घालायचे. लगेच खाली गेले तर आईला कळेल म्हणून दहा मिनिटं तिथेच उभी राहायचे. रोज. पावसातही, छत्री धरून. पावसात झाडाला धुवण घालणारी बाई बघून समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी काय म्हटलं असेल देव जाणे.

आणि तो आवाज. सांगितलं तर वेडी म्हणतील, म्हणून कोणाला सांगितलं नाही. कुलपात किल्ली फिरवली की मागच्या पायरीवरून यायचा, दमलेला, मास्कमधून यावा तसा. झाड कसां आसा गे? पहिल्यांदा तांब्या हातातून पडला होता. नंतर नंतर मी किल्ली फिरवायच्या आधीच पुटपुटायला लागले, "मस्त आहे, बाबा, मस्त आहे." म्हणजे विचारायलाच नको. मला भीती वाटायची. बाबांची नाही हो, बाबांची कशाला वाटेल? विचारतच राहतील, याची वाटायची. लॅबमध्ये एकदा एका आजोबांनी विचारलं, "रिपोर्ट कसा आहे बाय?" आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. बाजूच्या मुलीने उत्तर दिलं.

जुलैमध्ये मी फ्रिज साफ करायला काढला. लोणच्याच्या बरणीमागे श्रीखंडाचा डबा. 'उघडू नये'.

मला वाटलं जुनाच असेल. पण चिकटपट्टी नवी होती. हॉस्पिटलात जायच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी, त्यांनी दुसरा घाणा टाकलेला होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं. उघडला. त्यांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल. त्यात पाच बिया. तीन कुजलेल्या. दोघींची मुळं रुमालाच्या विणीतून आरपार जाऊन डब्याच्या तळाशी गोल गोल फिरली होती. माणूस जाऊन दोन महिने होत आले होते, आणि त्यांनी ठेवलेलं त्या अंधारात, थंडीत, आमच्या दुधाच्या पिशव्यांच्या मागे वाढत होतं. मी फ्रिजचं दार उघडं टाकून तिथेच फरशीवर बसले आणि रडले. ते गेल्यापासून पहिल्यांदा. आई आतून ओरडत होती, "दार लाव गं फ्रिजचं, लाईट बिल कोण भरणार?"

रुमालातून मूळ सोडवताना एक मोडलं. दुसरं मी रुमालाच्या तुकड्यासकट कापून त्याच कुंडीत, मेलेल्या खोडाला लागून लावलं. आठ दिवसांनी दोन पानं वर आली. जुनं खोड मी उपटलं नाही. पुढे नवीन रोप जरा उंच झाल्यावर दोऱ्याने त्यालाच बांधलं, आधाराला.

तेव्हापासून धुवण निदान कोणाच्या तरी मुळाशी जात होतं. पण झाड तेच नव्हतं ना! खोटं तेवढंच राहिलं, फक्त त्याला पानं फुटली. डिसेंबरात आईने न सांगता बर्फाचा ट्रे काढला आणि वाडग्यात खडे ओतून माझ्या हातात दिले. "थंडी लागते त्याला." मी वाडगा घेऊन वर गेले. एवढ्याशा रोपाभोवती बर्फ मांडला आणि वितळेपर्यंत बसले, ते बसायचे तशी. मध्येच सोसायटीच्या सेक्रेटरींनी टेरेसवर कुंड्या नकोत अशी नोटीस लावली. मी त्यांच्या दारात जाऊन जो काय तमाशा केला, तो बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. "बापाचं झाड आहे माझ्या! हात लावून बघा!" नोटीस संध्याकाळी निघाली. घरी येऊन मला घाम फुटला, कारण ओरडताना मी स्वतःच त्यावर विश्वास ठेवला होता.

वर्ष झालं. वर्षश्राद्धाला आईने वडे, खीर, काळ्या वाटाण्याची उसळ, सगळं स्वतः केलं. कावळ्याचं पान वाढलं, मधोमध दहीभात, आणि म्हणाली, "हे टेरेसवर ठेवायचं. झाडाजवळ. आणि मी येणार."

"आई, गुडघे—"

"गुडघे गेले खड्ड्यात. वर्षभर तुझ्या हातून निरोप पाठवतेय. आज मला बघायचंय."

भावाने आणि बिल्डिंगच्या वॉचमनने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. मी पान घेऊन मागून चढत होते. त्या दोन मजल्यांत मी किती वेळा म्हटलं असेल, देवा, ह्यांचा हात सटकू नये, आणि सटकला तर बरं.

वॉचमन खाली गेला. आईने कुंडीकडे बघितलं. रोप माझ्या गुडघ्याला लागेल न लागेल एवढं.

"एवढंसं?" ती म्हणाली. "कमरेएवढं होतं ना?"

"छाटलं असेल गं," भाऊ म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं, उन्हात चटके बसत होते म्हणून घाई. "वर वारा किती असतो. हो ना ताई?"

उत्तर आयतं हातात आलं होतं. फक्त मान हलवायची होती. छाटलं, आई. वर्षभर ज्याला जपलं ते खोटं आणखी दहा वर्षं आरामात चाललं असतं. मी आईच्या डोळ्याला डोळा दिला, तोंड उघडलं, आणि तो काउंटरवरचा आवाज आलाच नाही.

"नाही," मी म्हटलं. "ते मेलं. मी पाणी घातलं नाही, पाच दिवस. विसरले. हे दुसरं आहे. बाबांनीच ठेवलेल्या बिया होत्या फ्रिजमध्ये."

"कधी मेलं?"

"बाबा असतानाच. ते गेले त्याच्या चार दिवस आधी. ते विचारायचे आणि मी मस्त आहे म्हणायचे."

भाऊ माझ्याकडे, आईकडे बघत राहिला. ती म्हणाली, अगदी हळू, "मग दहाव्याला कावळा कशावर शिवला?"

ह्या प्रश्नाला मी वर्षभर घाबरत होते. तिच्या तोंडून ऐकल्यावर कळलं की ह्यालाच.

"तू खाली जा," आई भावाला म्हणाली. तो गेला. मग मला म्हणाली, "पान ठेव. आणि सांग त्यांना. खरं काय ते सांग. मोठ्याने."

कावळे समोर डिश अँटेनांवर बसले होते. चार. मी पान कुंडीजवळ ठेवलं, हात जोडले. "बाबा, झाड मेलं. माझ्या हातून मेलं. मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि इथे दुसरं लावलंय."

आम्ही थांबलो. खिरीवर साय धरली. वड्यांना मुंग्या लागायला आल्या. ऊन टाकीवरून उतरून आईच्या पायांवर आलं तरी ती हलली नाही. चारही कावळे आपले मान वाकडी करून बघतायत. एकही उठेना. माझ्या मनात एकच, आता काय कबूल करू? आता देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं माझ्याकडे.

मग आई खुर्चीतून वाकली. हात लांब करून कुंडीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "पाणी आण."

नळ टाकीच्या पलीकडच्या बाजूला आहे, तिथून कुंडी दिसत नाही. धार बारीक होती. तांब्या भरायला वेळ लागला.

परत आले तर पानावरचा दहीभात मधोमध विस्कटलेला होता आणि एक वडा नव्हता.

"शिवला," आई म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. तू पाठ फिरवलीस आणि आला. मोठा होता चांगला. वडा घेऊन गेला."

मी अँटेनांकडे बघितलं. चारही कावळे होते तिथेच होते. आईच्या उजव्या हाताच्या बोटांना एका बाजूला माती लागली होती आणि दुसऱ्या बाजूला दही. तिने तो हात पदराखाली घेतला. पण नजर नाही चोरली. डोळ्याला डोळा देऊन, पापणी न हलवता म्हणाली, "मस्त शिवला गं. आता काही नाही."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कितीतरी वेळ.

"बरां," मी म्हटलं, आणि कुंडीत पाणी घातलं.